वीजबचतीचा लाभ आणि बिलावरचे नाव

सन 2016 च्या उन्हाळ्यात पूर्व भारतातील एका राज्याच्या राजधानीत, वीज कार्यालयाच्या आवारात, एलईडी दिव्यांच्या विक्रीसाठी मंडप घातला होता. मी तेव्हा सेवेत होतो आणि पाहणीसाठी तेथे गेलो होतो. दहा रुपये आगाऊ भरावेत, उरलेली रक्कम महिना दहा रुपयांच्या हप्त्याने वीजबिलातून वळती व्हावी, अशी सोय होती. रांगेत धुणीभांडी करणारी एक बाई होती. तिच्याकडे ओळखपत्र होते, दहाची नोट होती. बिल मात्र नव्हते. खोली भाड्याची, मीटर घरमालकाचा, आणि युनिटचा दर तो सांगेल तो. कारकुनाने माझ्याकडे पाहिले. नियम मीच समजावून सांगितला : हप्त्यासाठी बिल आवश्यक, पूर्ण रक्कम रोख भरल्यास दिवा मिळेल. तिने मान हलवली आणि ती रांगेतून बाहेर पडली. ज्यांना हप्त्याची गरज नव्हती त्यांना आम्ही हप्ते देत होतो आणि जिला होती तिला रोखीचा मार्ग दाखवत होतो. हे मला त्या वेळी खटकले नाही. खटकायला निवृत्ती यावी लागली.

‘उजाला’ योजनेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या या योजनेत एकगठ्ठा खरेदीमुळे सुमारे 310 रुपयांना पडणारा दिवा अवघ्या दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. पुढे 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, तेही केंद्राच्या अनुदानाविना. बाजारभावही उतरला, त्यामुळे त्या बाईला पुढे कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त दिवा मिळालाही असेल. दिव्याच्या बाबतीत आमची चूक बाजाराने भरून काढली. पंख्याच्या आणि छपराच्या बाबतीत ती तशी भरून निघेल असे मला वाटत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात शासनाची एक जुनी सवय दिसते. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले तेव्हा भर सिंचनाच्या पंपांवर होता. ज्याच्याकडे जमीन आणि विहीर, त्याच्याकडे तार आधी गेली. 1997 पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव ‘विद्युतीकृत’ ठरे. दलित वस्तीतील अंधाराची नोंद त्या रकान्यात होत नसे. 1988-89 मध्ये ‘कुटीर ज्योती’ आली, तेव्हा दारिद्र्यरेषेखालील घराला एक दिवा मंजूर झाला. एकच. 2017 च्या ‘सौभाग्य’ने घरोघरी जोडणी पोहोचवली, हे खरोखर मोठे काम. परंतु वीज वाचवण्याच्या योजना आखताना जमिनीची जागा आता छपराने आणि बिलावरच्या नावाने घेतली आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना पाहा. तरतूद 75,021 कोटी रुपयांची, एका घराला 78,000 रुपयांपर्यंत साहाय्य. अट मात्र स्वतःच्या घराची, योग्य छपराची आणि वैध वीजजोडणीची. घरे थंड राहावीत म्हणून 2018 मध्ये आलेली ‘इको निवास संहिता’ मूळ मसुद्यानुसार 500 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींना लागू होते. ग्रामीण आवास योजनेतील घराचे किमान क्षेत्र आहे 25 चौरस मीटर. यांपैकी कोणत्याही योजनेत गरिबाला वगळा असे कोठेही लिहिलेले नाही. तसे लिहावे लागतच नाही.

आता पंख्याचा हिशेब मांडतो, कारण प्रश्नाचे मर्म त्यात आहे. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे 30 वॅट. रोज बारा तास, वर्षाचे आठ महिने धरले तर एका पंख्यामागे साधारण 130 युनिट वाचतात. बीएलडीसी पंख्याची किंमत अडीच-तीन हजार रुपये. दिल्लीत महिना 200 युनिटपर्यंत बिल शून्य आहे, कर्नाटक आणि तमिळनाडूतही मोफत युनिट आहेत. तेथील गरीब ग्राहकाने पदरचे तीन हजार घालून असा पंखा घेतला तर त्याची बचत किती? काहीच नाही. वाचते ते सरकारचे अनुदान : पुरवठ्याचा खर्च युनिटमागे साडेसहा रुपये धरला तर वर्षाला आठशेहून अधिक. गुंतवणूक गरिबाने करायची आणि परतावा खजिन्याने घ्यायचा, ही अपेक्षा विचित्र आहे. आणि ग्राहक ती पूर्ण करत नाही म्हणून त्याला ‘जागृती नाही’ असे आमच्या टिपणांत लिहिले जाते! मीही तसे लिहिले आहे.

भाडेकरूची गोष्ट याच्या नेमकी उलट. घरमालक युनिटला आठ रुपये घेत असेल तर त्याच 130 युनिटमागे तिचे हजारावर रुपये दरवर्षी वाचतील. मोफत युनिटचा लाभ बहुधा मालकाच्या मीटरवरच थांबतो. पंखा ज्या घरात सर्वांत लवकर स्वतःची किंमत फेडेल, तेच घर बिलाअभावी हप्त्याच्या योजनेबाहेर राहते.

यावर ‘आणखी एक रेवडी’ असा आक्षेप येईल. आक्षेप पोकळ नाही. वितरण कंपन्यांची अवस्था मी फाइलींत पाहिली आहे. परंतु मोफत युनिट देणाऱ्या राज्याने पंखा दिला तर तो त्याच अनुदानातून तीन-चार वर्षांत वसूल होतो आणि पुढचा लाभ त्याच राज्याचा असतो. सवलत याच पद्धतीने हळूहळू आटोक्यात येऊ शकते. 2023 मध्ये एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम जाहीर झाला. त्यातील पहिला वाटा मोफत युनिटच्या घरांना द्यावा आणि त्याचा खर्च राज्यांच्या वीज-अनुदानातून करावा. 1 जानेवारी 2023 पासून पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले आहे, ते योग्यच. पण तारांकनाने पंखा ओळखता येतो, विकत घेता येत नाही.

छपराचा प्रश्न तर याहूनही सोपा. पत्र्याखालच्या खोलीत पंखा तापलेली हवाच फिरवतो. उष्णता परतवणारा पांढरा लेप हा अत्यंत स्वस्त उपाय आहे. तेलंगणाने 2023 च्या शीत छत धोरणात सरकारी गरीब-गृहयोजनांचाही समावेश केला, तो म्हणूनच महत्त्वाचा. आवास योजनेच्या अंदाजपत्रकात अशा लेपासाठी एक बाब वाढवणे कोणत्याही कार्यकारी अभियंत्याला अवघड नाही.

राहिला कागदाचा प्रश्न. तो सुटत नाही असे सचिवालयात नेहमी सांगितले जाते. ऑगस्ट 2021 मध्ये महोबा येथून ‘उज्ज्वला’चा दुसरा टप्पा सुरू झाला, तेव्हा स्थलांतरित कुटुंबांकडून पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा स्वीकारण्याचे ठरले. गॅस सिलिंडर पंख्याहून कितीतरी धोकादायक वस्तू आहे. तरी त्या घोषणेवर सरकारने विश्वास ठेवला. हप्ता वीजबिलातूनच वसूल झाला पाहिजे असेही नाही. बचत गटामार्फत किंवा मोबाइलवरून तो भरता येतो. पेट्रोलियम मंत्रालयाचा तो स्वयंघोषणेचा नमुना ऊर्जा मंत्रालयाने मागवून घ्यावा. त्यासाठी एक अर्धशासकीय पत्र पुरेसे आहे.