लंगोट मशीनमध्ये टाकले, तर काय बिघडलं?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ढाणकीत चार दिवस झड लागली होती. घरात जिकडं पाहावं तिकडं लंगोट! खुर्चीच्या पाठीवर लंगोट, खिडकीच्या गजांवर लंगोट, देवघराच्या दाराशी बांधलेल्या दोरीवरही लंगोट. तीन महिन्यांच्या बाळाचं घर म्हटलं की हे आलंच. सूनबाई न्हाणीत वाकून पुढची खेप धूत होती. आणि तिच्यापासून चार पावलांवर, दिवाळीत हौसेनं घेतलेल्या नव्या मशीनमध्ये आमच्या 'यांची' पँट आणि मुलाचा टी-शर्ट निवांत गोल गोल फिरत होते.

ती उठली तेव्हा तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, कातडी पांढरी पडलेली. त्याच हातांनी बाळाला घ्यायचं, त्याच हातांनी पोळ्या लाटायच्या.

आता खरं सांगते मैत्रिणींनो, लंगोट मशीनमध्ये टाकायचे नाहीत हा नियम घरात कुणी केला होता? मीच! ती माहेराहून आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं, "अगं, त्यात आपले सगळ्यांचे कपडे धुतो, पूजेचं धोतरही त्यातच जातं. शी-शूचे कपडे तेवढे हातानंच धू." तिनं "बरं आई" म्हटलं आणि विषय संपला. माझ्यापुरता.

त्या दिवशी मात्र मी स्वतःला विचारलं, नेमकं अडतंय काय? शेतातून आलेली चिखलानं भरलेली पँट मशीनला चालते. घामानं आंबलेले मोजे चालतात. मग तान्ह्या बाळाचा लंगोटच का चालत नाही? उत्तर शोधू गेले तर हाती एकच शब्द आला: विटाळ. बाळंतिणीचं धुणं वेगळं, तिची जागा वेगळी, हे आपण ऐकत आलो. पूर्वी हे धुणं एक तर बाईनं धुवायचं, नाही तर परटाकडं द्यायचं, आणि वर त्यालाच हलकं मानायचं! गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात एका परीट कुटुंबात ते जन्मले आणि जन्मभर हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले. घाण काढणारे हात घाण नसतात, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या फोटोला आपण हार घालतो आणि घरात मात्र लंगोट धुणाऱ्या हातांना वेगळा न्याय लावतो. हे काही बरं नाही.

"मग डायपर घाला ना!" असं शेजारची एक मैत्रीण म्हणाली. डायपर मी वाईट ठरवत नाही. उमरखेडला किंवा नांदेडला दवाखान्यात जायचं आहे, एसटीचा प्रवास आहे, रात्री बाळंतिणीला दोन तास सलग झोप हवी आहे, तर खुशाल वापरावेत. त्यात आईला अपराधी वाटायचं काही कारण नाही. पण दिवसरात्र डायपर म्हणजे महिन्याचा खर्च किती, हे दुकानाबाहेर लटकणाऱ्या त्या माळा पाहूनच कळतं. शिवाय वापरलेला डायपर टाकायचा कुठं? २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांत तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात आपल्याकडं तो नालीत, उकिरड्यावर नाही तर चुलीमागं जातो. त्यातलं प्लॅस्टिक कुजत नाही, जाळलं तर धूर होतो आणि ओढलाच कुत्र्यानं तर गल्लीभर शोभा!

आणि कापडी लंगोट आपोआपच चांगले, असंही समजू नका. इंग्लंडमध्ये तिथल्या सरकारी पर्यावरण यंत्रणेनं २००८ साली दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली होती. त्यातून निघालं असं की, कापडी लंगोटाचा पर्यावरणाला फायदा किती, हे तो तुम्ही कसा धुता यावर ठरतं. मशीन पुरेसं भरून धुवा, विजेवरच्या ड्रायरऐवजी दोरीवर वाळवा, दुसऱ्या बाळालाही तेच लंगोट वापरा, की कापड फायद्यात राहतं. वाचून मला हसू आलं. दोरीवर वाळवणं आणि थोरल्याचं धाकट्याला घालणं आपल्या आज्यांनी कधीपासून केलं आहे! आपलं अडलं होतं फक्त धुण्यापाशी.

तर झाला निर्णय. दुसऱ्या दिवशी मीच लंगोट मशीनमध्ये टाकले... आणि फजिती झाली! सहा लंगोट आणि मूठभर पावडर. काचेच्या दारातून नुसता फेस दिसत होता. वाळल्यावर लंगोट खरखरीत, आणि बाळानं शू केली की पुन्हा तोच उग्र वास. शेजारच्या आजी म्हणाल्याच, "म्या म्हनलं नव्हतं का माय, ते काही मशीनचं काम नाही!"

चूक मशीनची नव्हती. पुढून दार उघडणाऱ्या मशीनची रीत आपल्याला ठाऊक नव्हती. या मशीनमध्ये ड्रम आडवा असतो. तळाशी थोडंच पाणी घेऊन तो कपडे वर उचलतो आणि खाली आपटतो. थोडक्यात, धोपटण्याचंच काम. कपडे अगदी कमी टाकले तर आपटणं नीट होत नाही, गच्च भरले तर आपटायला जागाच उरत नाही. पाणी कमी, त्यामुळं पावडर जास्त झाली की ती निघत नाही. फेसही उशीसारखा मध्ये येतो. वास राहतो तो यामुळंच.

चार-सहा वेळा करून आमची जी पद्धत बसली, ती सांगते.

शी लागलेला लंगोट आधी संडासात झटकून, पाण्याच्या धारेखाली काढून घ्यायचा. "दूधपित्या बाळाची शी, तिला काय होतं" असं म्हणून ती नालीत टाकू नका. रोगाचे जंतू तिच्यातही असू शकतात. मग लंगोट बादलीत भिजत न ठेवता, कोरड्याच झाकणाच्या बादलीत ठेवायचे. भिजत ठेवले की वास वाढतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरात रांगतं पोर असेल तर पाण्याची उघडी बादली जिवावर बेतू शकते. वीतभर पाणीही तान्ह्याला पुरतं. एक-दोन दिवसांचे लंगोट साठले की धुवायचे. त्याहून जास्त थांबू नये.

पहिल्यांदा नुसत्या थंड पाण्यात छोटी फेरी, म्हणजे शू निघून जाते. हे पाणी गेलं की मग खरी धुलाई. या वेळी ड्रम साधारण दोन तृतीयांश भरलेला हवा. लंगोट कमी असतील तर बाळाची दुपटी, टॉवेल, जुनी सुती चादर जोडीला टाका. पावडर फ्रंट लोडचीच, कमी फेसाची, पाकिटावर लिहिल्याएवढीच. पाणी ६० अंश. सेफ्टी पिन काढली का, ते दोनदा बघा. शेवटी जास्तीचं खळबळणं, म्हणजे मशीनवर 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण असतं ते. धुतलेला लंगोट नाकाशी धरा. कसलाच वास आला नाही, पावडरचाही नाही, तर तो खरा स्वच्छ.

आपल्या बोअरच्या पाण्याची वेगळीच कथा. ज्या पाण्यानं भगोन्याला पांढरा थर धरतो, ते पाणी जड. त्यात साबण नीट काम करत नाही आणि कापड लाकडासारखं होतं. अशा वेळी पावडरसोबत एक चमचा धुण्याचा सोडा टाकावा, पण मग खळबळणं जास्त हवं, बाळाची कातडी नाजूक असते. कपडे मऊ करणारं ते सुवासिक औषध मात्र लंगोटाला नको. त्याचा थर बसतो आणि लंगोट पाणी शोषेनासा होतो. मालिशच्या तेलाचंही तसंच. तेलकट लंगोट गरम पाण्याशिवाय सुटत नाही. हल्ली बटणाचे, प्लॅस्टिकचं अस्तर असलेले कापडी डायपर मिळतात. त्यातली आतली घडी काढून वेगळी टाकावी आणि किती गरम पाणी चालेल ते त्यावरच्या चिठ्ठीत वाचावं.

वाळवायला आपल्या यवतमाळच्या उन्हासारखं दुसरं औषध नाही. पिवळे डाग दोन उन्हांत फिके पडतात. आणि थोरल्याचे लंगोट पेटीतून काढणार असाल तर एक लक्षात ठेवा. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील तर ते कपडे धुऊन, चांगलं ऊन दाखवल्याशिवाय बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. त्या गोळ्यांच्या वासानं त्यांचं रक्त फुटून कावीळ होऊ शकते.

आता पाण्याचा आणि लाईनचा प्रश्न. ते मलाही चुकलेलं नाही. बटण दाबण्याआधी गच्चीवरच्या टाकीत डोकावून यायचं. मध्येच लाईन गेली तर दार ओढायचं नाही, ते आतून बंद असतं. बरीच मशीनं लाईन आली की पुढं सुरू होतात. गरम पाण्याच्या एका धुलाईला अंदाजे एक युनिट वीज जाते, म्हणून अर्धवट भरून लावू नये. आणि पाणी? हातानं तीन पाण्यातून लंगोट काढले तरी पाच-सहा बादल्या जातातच. या मशीनला काही त्याहून फार लागत नाही. उन्हाळ्यात आम्ही शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरतो आणि संडासाला वापरतो. महिन्यातून एकदा मशीनची खालची जाळी साफ करायची, दाराचं रबर पुसायचं आणि धुणं झालं की दार थोडं उघडं ठेवायचं. पूजेच्या धोतराची काळजी वाटत असेल तर लंगोटानंतर एकदा रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवा. मी पहिला महिना तसं केलं. नंतर मलाच त्याची गरज वाटेना.

राहता राहिली एक गोष्ट. मशीन घरात आलं म्हणजे काम कमी झालं, असं पुरुषमंडळींना वाटतं. पण लंगोट गोळा करणं, झटकणं, लावणं, वाळत घालणं, घडी करणं हे मशीन करत नाही. आमच्याकडं पहिले पंधरा दिवस ते सगळं पुन्हा सूनबाईकडंच आलं. मग मी मुलाला हाक मारली. म्हटलं, "मोबाईलची सगळी बटणं येतात ना? मग ही चारच आहेत." थोडा कुरकुरला. आता रात्री जेवणं झाली की तोच लंगोट झटकतो आणि मशीन लावतो. एकदा पिन विसरला, ती जाळीत सापडली. चालायचंच.

सूनबाईच्या हातांच्या चिरा भरायला महिना लागला. ती मला काही बोलली नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. तेच मला जास्त लागलं. आपल्या घरात तान्हं बाळ असेल, तर आज बाळंतिणीचे हात एकदा पाहा. आणि मशीनचं दार तिच्यासाठी बंद असेल, तर ते आपणच उघडून द्या. बघा, पटतंय का!