मोडलेले बीड आणि आपले वर्कशॉप



दर अंकात ऊस, उतारा आणि भाव यांवर लिहिले जाते. आज मी एका मोडक्या तुकड्याबद्दल लिहितो.

संत्र्याच्या बागेत फिरणारा आमचा जुना छोटा ट्रॅक्टर चार वर्षे गोठ्यामागे पडून होता. भंगारवाला वजनावर मागत होता, पोराने हट्ट धरला, "बाबा, हा उभा करू." इंजिन सुरू झाले, पण पुढच्या ॲक्सलला धरणारा सांगाड्याचा ओतीव आधार तडकून दोन तुकडे झाला होता. रस्त्यावरच्या एका वेल्डरने तो अर्ध्या तासात जोडून दिला. आठव्या दिवशी काळ्या रानातल्या भेगेत चाक गेले आणि आधार पुन्हा तुटला. जोड शाबूत, तुटले ते जोडाच्या अगदी लगत!

एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटरमामा तुकडा पाहून म्हणाले, "अरे बाप्पा, हे त बीड हाये! याले साध्या काडीनं काहून जोडलं?"

तेव्हा समजले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याची मोड करडी आणि दाणेदार दिसते. साध्या काडीने जोडले की जोडालगतचा भाग कडक, ठिसूळ होतो आणि तिथेच पुन्हा तडकतो. मामांनी आधी ग्रीस साफ केले. रॉकेल लावून, पुसून वर खडूची पूड भुरभुरली, तशी तडा कुठवर गेली ते दिसले. तिच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे सरकत नाही. कडा घासून खाच केली, दोन्ही तुकडे सरळ धरून बांधले, भाग तापवला आणि निकेलच्या काडीने इंचभर-इंचभर जोडत हलके ठोकले. शेवटी भाग राखेत पुरून रात्रभर निवू दिला.

आणि एक गोष्ट: मोडण्याचे कारणही शोधले. ॲक्सलची पिन झिजली होती, बोल्ट सैल होते. ते न बदलता केलेली दुरुस्ती म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. मामांनी बजावले, "स्टिअरिंगच्या अन् ब्रेकच्या भागाले जोड देऊ नका, तिथं नवाच भाग घाला. जीव जाईन."

आता मुद्द्याचे. हे ज्ञान दूर कुठे नाही. गिरणीच्या रोलरचे कवच बिडाचेच असते. उसावर पकड यावी म्हणून त्याच्या दातांवर वेल्डिंगचे खडबडीत थर चढवणारे हात कारखान्याच्या वर्कशॉपात असतात. माझी सूचना अशी: बिगर-हंगामात, गिरणीची कामे आटोपून, महिन्यातून दोन दिवस सभासदांच्या अवजारांसाठी राखावेत. साहित्याचा आणि मजुरीचा खर्च सभासदाने द्यावा. गावचे दोन-दोन तरुण शेजारी उभे राहून शिकावेत.

कारखान्याचे काम आधी, हे मान्य. पण एकट्याला न झेपणारे सर्वांनी मिळून करावे, याच विचारावर 1950 साली प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. एकट्या शेतकऱ्याला गिरणी झेपत नाही, तशी लेथही झेपत नाही.

येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, ही संचालक मंडळाला विनंती. तोवर बंधूंनो, भंगारवाल्याला तराजू काढू देण्याआधी एकदा मोड नीट पाहा.

— एक ऊस उत्पादक सभासद