मोडीत कोण काढतो?

डोंबिवलीच्या चाकरमान्याचा १० वर्षांचा लॅपटॉप मंदावला की ‘नवा घ्या’ हा सल्ला ठरलेलाच. वस्तुतः हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी व नवी बॅटरी बसवली की तो बहुधा पुन्हा कामाला लागतो. मग तो मोडीत काढतो कोण? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा थांबवल्या. विंडोज ११ जुने प्रोसेसर स्वीकारत नाही. यंत्र झिजले नाही, नफ्याची मुदत संपली! केंद्र सरकारचे २०२२ चे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल माहिती देते. सुटे भाग पुरवण्याची सक्ती करत नाही. ती सक्ती करणारा कायदा हीच मागणी हवी. तोवर लिनक्स आहे आणि ठाणे-कल्याणचे कारागीरही आहेत.