सुखी नगर आणि सामायिक वायू



कोणता देश सुखी, कोणते शहर राहण्यास उत्तम, यांच्या याद्यांची आता सर्वांना सवय झाली आहे. २०१२ पासून प्रसिद्ध होणाऱ्या जागतिक आनंद अहवालात माणसांना आपले आयुष्य शून्य ते दहा पायऱ्यांच्या शिडीवर कोठे आहे, हे विचारले जाते. प्रश्न चांगला आहे; पण तो एकेकट्या माणसाला विचारलेला आहे. नगराचे सुख एकेकट्याचे नसते, हे चरकाचार्यांच्या विमानस्थानातील जनपदोध्वंसनीय अध्याय वाचलेल्या वैद्याला सांगावे लागू नये.

प्रकृती, आहार, बल, वय सारे भिन्न असता माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का ग्रासली जातात, हा अग्निवेशाचा प्रश्न. वायू, उदक, देश आणि काल हे सर्वांचे सामायिक भाव दूषित होतात म्हणून, हे आत्रेयांचे उत्तर. आम्ही ते उलट बाजूने वाचतो. जे सामायिक आहे ते शुद्ध असेल तरच नगर सुखी होईल. बंगल्यांनी आणि रुंद रस्त्यांनी ते होत नाही.

आपल्या नंदुरबारचेच पाहा. १ जुलै १९९८ रोजी शहर जिल्ह्याचे ठिकाण झाले, कचेऱ्या आल्या, वस्त्या वाढल्या. तरी दसरा उलटला की शहराचा रंग ठरवते ती मिरचीच. मोकळ्या रानातील पथाऱ्यांवर लाल गालिचे पसरतात. दिसायला मोहक, पण त्यावर दिवसभर वाकून वाळली मिरची उलथणाऱ्या, देठ खुडणाऱ्या बायांचा खोकला, डोळ्यांची आग आणि हातांचा दाह आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयात येतो. आपण सितोपलादी देतो, वासावलेह देतो. तिला चार दिवस बरे वाटते आणि ती पुन्हा त्याच पथारीवर जाते. निदानपरिवर्जनाचे सूत्र आपण परीक्षेत लिहिले होते. येथे ते गिळून टाकतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

पथाऱ्या बंद करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांवर असंख्य घरांची चूल पेटते. ऐन वाळवणात अवकाळी पाऊस आला तर व्यापारी आणि मजूर दोघांचेही नुकसान होते, आणि बाजारपेठेचा चेहराच उतरतो. यालाच काल बिघडणे म्हणतात. वायूपेक्षा उदक, उदकापेक्षा देश, देशापेक्षा काल अधिक दुष्परिहार्य, असा क्रम त्याच अध्यायात आहे. कालापुढे आपले फारसे चालत नाही. वायूचे मात्र पुष्कळ चालते, कारण तो त्यातल्या त्यात सुकर.

काही सहकारी म्हणतात, वैद्याने समोरचा रुग्ण पाहावा, गावाची उठाठेव पालिकेने करावी. आम्हाला हे पटत नाही. सूत्रस्थानाच्या शेवटच्या अध्यायात सुखायु आणि हितायु वेगळे सांगितले आहेत. सुखायु स्वतःपुरते असू शकते, हितायु इतरांच्या हिताशिवाय होत नाही. औषधी दुकानदार बंधूंनाही त्या जनपदोध्वंसात एक गोष्ट आहे. भूमी बिघडण्यापूर्वी वनस्पती गोळा करून ठेवा, नंतर त्यांचे रसवीर्य उरणार नाही, असे आत्रेय शिष्याला बजावतात. म्हणजे दुकानातील बरणीचा गुणही बाहेरच्या मातीवरच अवलंबून आहे.

म्हणून यंदाच्या हंगामात सभासदांनी आठवड्यातून एक सकाळ पथारीवर द्यावी, अशी आमची सूचना आहे. नाकातोंडावर बांधायला सुती कापड, कामापूर्वी नाकपुडीत दोन थेंब तीळतेल, हात धुण्यास पुरेसे पाणी आणि दुपारी बसण्यास सावली, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. तेल व कापड दुकानदारांनी द्यावे, पाणी व सावलीसाठी पथारीमालकांशी आपण बोलावे. तपासलेल्या प्रत्येक बाईची लक्षणे आणि कामाचे दिवस वहीत नोंदवावेत. होळीनंतर त्या वह्या घेऊन आपण एकत्र बसू आणि पालिकेकडे काय मागायचे ते त्यावरून ठरवू.