लोकप्रियतेचा पारा आणि न्यायाचा तराजू

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची लोकप्रियता किती टक्के, याचे आकडे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ठळक छापले जातात. दोन टक्के चढले की लाट, दोन टक्के उतरले की घसरण! आपले कार्यकर्तेही चहाच्या टपरीवर हे आकडे मोठ्या विश्वासाने सांगतात. पण हे आकडे कोणी, कोणाला आणि केव्हा विचारून काढले, असे किती जण विचारतात? चिकित्सा हा ज्या चळवळीचा प्राण आहे, तिच्या माणसांनी तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे खरे आहे. हजारभर माणसे नीट निवडली तर कोट्यवधींच्या देशाचे मत साधारण तीन टक्के इकडेतिकडे सांगता येते. हे संख्याशास्त्र आहे, थोतांड नव्हे. मात्र याचाच अर्थ असा की, ४३ चे ४५ झाले म्हणून लोकप्रियता वाढली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आणि शिते पातेल्याच्या एकाच बाजूची घेतली, तर परीक्षा फसलीच म्हणून समजा.

१९३६ साली नेमके हेच झाले. 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यावरून साप्ताहिकाने रूझवेल्ट हरणार आणि लँडन जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६० टक्क्यांहून अधिक मते घेऊन निवडून आले. लँडन यांना फक्त दोन राज्ये मिळाली. असे का घडले? पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून! मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी ना फोन ना मोटार, तो गरीब माणूस या याद्यांत फारसा नव्हताच. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली, ते न धाडणाऱ्यांपेक्षा वेगळ्या मताचे होते. त्या वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला. पण १९४८ साली त्यांचाही अंदाज चुकला. ड्युई जिंकणार म्हणता म्हणता ट्रुमन जिंकले.

गावकुसाच्या आत विचारायचे आणि गावकुसाबाहेरच्यांचेही मत म्हणून छापायचे, हा प्रकार आपल्याला नवा आहे काय? २००७ साली उत्तर प्रदेशात मतदानोत्तर चाचण्या त्रिशंकू विधानसभा सांगत होत्या. निकाल लागला तेव्हा बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकून स्वबळावर बहुमत मिळवले होते.

आता तर अडचण आणखी वाढली आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या दूरध्वनी पाहण्यांना १९९७ साली १०० पैकी ३६ जण प्रतिसाद देत. २०१८ पर्यंत हा आकडा सहावर आला. बाकीचे ९४ गप्प. त्या गप्प बसलेल्यांचे काय?

राष्ट्राध्यक्षांची तुलना करताना तर फारच सावध राहिले पाहिजे. गॅलपच्या पाहणीत ट्रुमन यांना जून १९४५ मध्ये ८७ टक्के पसंती होती, फेब्रुवारी १९५२ मध्ये २२ टक्के. मग ट्रुमन लोकप्रिय की अप्रिय? थोरले बुश १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्क्यांवर गेले आणि १९९२ ची निवडणूक हरले. धाकटे बुश सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ९० टक्क्यांवर पोहोचले आणि २००८ मध्ये २५ टक्क्यांवर उतरले. मधल्या काळात त्यांनी इराकवर युद्ध लादले. ज्या शस्त्रांच्या नावाने लादले, ती सापडली नाहीत. युद्ध सुरू झाले तेव्हा पसंती ७० टक्क्यांच्या आसपास होती. पारा नंतर उतरला, पण मेलेली माणसे परत आली नाहीत.

सरासरीही फसवी असते. बराक ओबामांची आठ वर्षांची सरासरी सुमारे ४८ टक्के. पण कृष्णवर्णीयांत त्यांना जवळपास दहापैकी नऊ जणांची पसंती होती, तर गोऱ्यांत बहुतेक काळ निम्म्यांचीही नव्हती. एका आकड्याखाली असे दोन देश झाकले जातात.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. पाहणी अगदी अचूक असली तरी ती फक्त लोकांना काय वाटते ते सांगते. न्याय्य काय ते सांगत नाही. १९६६ साली गॅलपच्या पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचे मार्टिन ल्यूथर किंग यांच्याविषयी प्रतिकूल मत होते. १९९९ मध्ये विसाव्या शतकातील आदरणीय व्यक्तींच्या गॅलपच्या यादीत तेच किंग दुसरे आले. १९५८ साली गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला केवळ ४ टक्के लोकांची मान्यता होती. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांवरील बंदी रद्द केली, तेव्हाही बहुमत विरोधातच होते. २०२१ साली मान्यता ९४ टक्क्यांवर पोहोचली. न्यायालय टक्केवारीची वाट पाहत बसले असते तर?

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. ही भक्ती मोजून टक्क्यांत छापली म्हणून ती लोकशाही होत नाही. आंतरजातीय विवाहाचा मार्ग त्यांनी सांगितला, तो काही लोकांचा कौल घेऊन नव्हे.

म्हणून मित्रहो, आकडे जरूर वाचा. कोणाला विचारले, किती जणांनी उत्तर दिले, प्रश्न कसा होता, पैसा कोणाचा होता, हे तपासा. एका पाहणीवर विसंबू नका, अनेक पाहण्यांचा कल पाहा. पण नेत्याची पसंती चढली म्हणून हुरळून जाऊ नका आणि आपली मागणी अल्पमतात दिसली म्हणून खचू नका. पारा हवेबरोबर चढतो आणि उतरतो. न्यायाचा तराजू आपल्यालाच हातात धरावा लागतो.