बामणघळ, ज्या आणि जेब

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. गणिताचे सर रजेवर गेले आणि दहावीचा त्रिकोणमितीचा धडा माझ्या गळ्यात पडला. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे साइन-कॉस कुठे लागणार? अब्बांच्या होडीवर?"

वर्ग हसला. मला हसता आलं नाही. दहावीत हाच प्रश्न मलाही पडला होता, विचारायची हिंमत मात्र झाली नव्हती.

बी.एड.ला एक सूत्र घोटून घेतलं होतं: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. हेदवीच्या मुलांना ज्ञात काय? समुद्र. म्हणून सकाळच्या ओहोटीला त्यांना बामणघळीकडे नेलं. खडकातल्या त्या चिंचोळ्या भेगेत भरतीचं पाणी घुसतं आणि कारंज्यासारखं उसळतं. तेव्हा जवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ. ओहोटीतच घळीपासून टेपने २५ मीटर मोजून खूण केली आणि दुपारच्या भरतीला त्या खुणेवर उभे राहिलो.

कोनमापक उलटा धरून मध्यबिंदूला दोरा आणि दगड बांधला होता. सरळ कडेवरून उसळत्या पाण्याचं टोक पाहिलं, दोरा ७५ वर आला. ९० मधून ७५ गेले, उन्नत कोन १५ अंश. टॅन १५ म्हणजे सुमारे ०.२७. त्याला २५ ने गुणलं, ६.७५. त्यात डोळ्यांची उंची दीड मीटर मिळवली. पाणी आमच्या पायांच्या पातळीपासून सव्वाआठ मीटर उसळलं होतं! दोरा दोन अंश हलला तर उत्तर जवळजवळ एका मीटरने बदलतं, हेही मुलांनीच करून पाहिलं.

परतताना तोच मुलगा म्हणाला, "म्हणजे जिथे जाता येत नाही, तिथलं मोजायचं."

इतकी नेमकी व्याख्या मला जमली नसती.

"हे आपलं नाही" असं वाटणाऱ्यांसाठी एका शब्दाची गोष्ट. आर्यभटांच्या परंपरेतली 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी, तिचंच रूप 'जीवा'. अरबीत त्याचं 'जीबा' झालं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी ते 'जैब' वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, आणि लिहिलं 'सायनस'. त्याचंच साइन झालं. आपल्या उर्दूतली 'जेब' त्याच जैबची. अकराव्या शतकात अल-बिरूनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा अवनत कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. मुसल्लस कुणा एका कौमेची मिळकत नाही.

अभ्यासक्रम कधी संपवायचा, असं सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझा एक दिवस गेला हे खरं. पण सूत्रं पाठ करून पास झालेली आणि गणिताला कायमची घाबरलेली मुलं मी वीस वर्षं पाहतोय. भीतीपोटी दहावीनंतर विज्ञान शाखेचा अर्जच न भरणाऱ्या मुली पाहतोय. त्यापुढे एक दिवस महाग नाही.

पालकांनो, टेप, दोरा आणि कोनमापक घरात असतंच. अंगणातल्या माडापासून सुरुवात करा.