स्टेटसच्या पलीकडचे बाबासाहेब : वाळूजच्या विद्यार्थ्यांपुढचे काम

१४ एप्रिल जवळ आला की वाळूज, बजाजनगर, रांजणगावातील तरुणांचे मोबाईल निळ्या रंगाने भरून जातात. रील, स्टेटस, गाणी, बॅनर. या उत्साहाला आम्ही नावे ठेवणार नाही. पण याच गर्दीत बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्ये फिरतात आणि आपलीच मुले ती पुढे पाठवतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली छायाचित्रे आणि आवाजही आले आहेत. खरे-खोटे तपासण्याची सवय लागली नाही, तर उद्या बाबासाहेबांच्याच नावाने बाबासाहेबांच्या विरोधातला विचार आपल्या वस्तीत शिरेल.

यावर विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले संशोधन हाच उपाय आहे आणि त्याची उदाहरणे आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रा. मॅनिंग मॅराबल यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी माल्कम एक्स यांच्या आत्मचरित्राची बहुमाध्यमी अभ्यास-आवृत्ती तयार केली. मूळ मजकूर आणि त्याच्या शेजारी टिपा, मुलाखती, चित्रफिती. त्याच विद्यापीठात, जिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, प्रा. फ्रान्सेस प्रिचेट यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चीही अशी आवृत्ती सिद्ध केली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ आला. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. त्या बायांकडे पदव्या नव्हत्या. पण त्यांच्या आठवणीतले भीमराव आज अभ्यासकांना पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

मग वाळूजच्या मुलांनी काय शोधावे? विषय दारातच आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने कायदा दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या बापाच्या मुलाने ही दोन टोके जोडून पाहिली, तर ‘घटनेचे शिल्पकार’ एवढ्या दोन शब्दांत बसवलेले बाबासाहेब त्याला बापाच्या पगारपत्रकात भेटतील. मूळ भाषणे शासनाने प्रकाशित केलेल्या इंग्रजी ग्रंथमालेच्या दहाव्या खंडात आहेत.

दुसरा विषय नामांतराचा. २७ जुलै १९७८ चा विधिमंडळाचा ठराव ते १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, ही साडेपंधरा वर्षे अंगावर झेललेली माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. दंगलीत घरे जळाल्यावर अनेक कुटुंबांनी गाव सोडले. त्यांच्या आठवणी कुठल्याही दप्तरात नाहीत आणि दरवर्षी त्यांतली काही माणसे आपल्यातून जातात. तिसरा विषय कन्नड तालुक्यातील मक्रणपूरचा. ३० डिसेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली तिथे परिषद झाली. ‘जय भीम’ हे अभिवादन तिथून सुरू झाले असे काही जण सांगतात, तर काही जण त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात. कोणाची बाजू घ्यायची, हे आधी ठरवू नका. पुरावा गोळा करा.

पद्धत साधी ठेवावी. पाच-सहा जणांचा गट, एक प्रश्न. मुलाखतीआधी परवानगी घ्यावी. तारीख, ठिकाण नोंदवावे. नोकरीत असलेल्या कामगाराचे नाव व कंपनी त्याने सांगितल्याशिवाय उघड करू नये. प्रत्येक उद्धरणाखाली खंड आणि पान लिहावे. मूळ ध्वनिमुद्रण दोन ठिकाणी जपावे. मुलींनी आजीची मुलाखत घ्यावी, कारण सभांच्या वृत्तांतात आजी सहसा सापडत नाही.

जयंती समित्यांना आमची विनंती आहे. डीजेच्या खर्चातला एक हिस्सा यंदा अशा गटांना द्या. माइक, प्रवास आणि छपाई एवढ्यात भागते. तयार झालेली चित्रफीत १४ एप्रिलच्या रात्री विहाराच्या अंगणात दाखवा आणि ज्यांची मुलाखत घेतली, त्यांना पहिल्या रांगेत बसवा.

जय भीम.